बालमित्र गेला, त्याच्या मुलीने एक प्रश्न विचारलाय, काय सांगू?

हाफपेडल

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा पहिलीपासूनचा मित्र जानेवारीत गेला. वय ४७. छातीत जळजळ होतेय, पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन झोपला, पहाटे संपलं सगळं. आम्ही दोघं सांगलीचे. त्याला सगळे पान्या म्हणायचे, पान खायचा म्हणून नाही, तर वडलांचं सायकलचं दुकान आणि ह्याच्या चड्डीच्या खिशात कायम पाना. पट्टी-कंपास विसरायचा, पाना नाही. दुकानात तासावर सायकली मिळायच्या, रुपयाला तास, आणि संध्याकाळी वही ह्याच्याकडे. मी सायकल घेतली की हा वेळ दहा मिनिटं पुढची टाकायचा, पाचला नेली तर ५.१०. त्याच्या वडलांना कळलं असणार, ते नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, बोलायचे काही नाहीत. नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायला मी त्या फुकटच्या दहा मिनिटांत शिकलो. पूर आला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट चढलं ते बघायला पळायचं, ४० ला इशारा, ४५ ला धोका हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. मोठी पोरं पुलावरनं उड्या टाकायची, आम्ही त्यांच्या चपला सांभाळायचो.

आता मुद्दा. २००५ च्या पुरात आम्ही दोघांनी मिळून दुकानातला माल वर चढवला होता, तेव्हा पाणी ५३ फुटांवर गेलेलं. २०१९ ला त्याने तोच अंदाज धरून माल फळ्यांवर ठेवला आणि पाणी गेलं ५७ च्या वर. दुकान मारुती चौकाजवळ, सगळं पाण्याखाली. मी पुण्यात. मी फोनवर म्हटलं किती पाठवू, तो म्हणाला "पैसे नकोत लेका, फावडं धरायला ये, गाळ बघवंना झालाय." माझ्या ऑफिसात तेव्हा काम चालू होतं, गेलो नाही. रस्ते बंद होते हे खरं, पण चार-पाच दिवसांत उघडले होते हेही खरं. मी २० हजार पाठवून दिले आणि वर मेसेज केला, "परत नाही दिलेस तरी चालेल." आज वाचताना लाज वाटते.

नोव्हेंबरपासून दर महिन्याला माझ्या खात्यात २ हजार यायला लागले, सोबत एक ओळ, "पावले का". मी अंगठा टाकायचो. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर खाली असताना एप्रिल आणि मेचे पण आले. ऑगस्ट २०२० ला दहावा हप्ता आणि मग चार वर्षं काही नाही, दिवाळीचा फॉरवर्डसुद्धा नाही.

दहाव्याला घाटावर होतो. कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडून काय काय सांगून बघितलं, मुलीचं शिक्षण करू, आईला बघू. मला पण बोलायचं होतं, पण तेवढ्या लोकांत तोंड उघडलं नाही. ऊन चढलं तसं शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

तर त्याची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने मला बाबांच्या लहानपणीच्या आठवणी लिहून मागितल्यात. आणि शेवटी विचारलंय, "काका, बाबांच्या फोनवर तुम्हाला दर महिन्याला २ हजार गेलेले दिसतात, ते कसले?" खरं सांगू की उसने होते म्हणून सोडून देऊ?

वारणाकाठ

भावपूर्ण श्रद्धांजली. मी हरिपूरचा. २०१९ च्या पुरात, त्या ऑगस्टमध्ये गावातच होतो, आणि गाळ हा शब्द वाचून ज्यांना चिखल वाटतो त्यांच्यासाठी सांगतो, पाणी गेल्यावर त्याचा वास महिनाभर गेला नाही, भिंतीला हात लावला की पापुद्रा निघायचा. सायकलच्या दुकानात टायर-ट्यूब धुऊन निघतात हो, पण बेअरिंग, चेनी, फ्रीव्हील एकदा त्या पाण्यात बसलं की संपलं, गोळ्या जागेवर गंजतात. कोण कुठली पोरं टेम्पो भरून फावडी घेऊन आली होती, नावं पण माहीत नाहीत आम्हाला त्यांची. तुम्ही त्याचे असून नाही आलात हे त्याला लागलंच असणार, बरं वाटावं म्हणून मी वेगळं काही बोलणार नाही. पण पोरीला खरं सांगा. तिने विचारलंय म्हणजे अर्धं तिला माहितीये, तुमचे मेसेज पण त्याच फोनमध्ये आहेत की.

मनवा_ठाणे

मी उलट मताची आहे. वर्ष पण नाही झालं, तिला सायकल आणि नदी लिहून द्या. तुमच्या मनातली टोचणी तुमची, ती तिच्या डोक्यावर कशाला.

राहवत नाही म्हणून अजून एक लिहिते. माझी लहानपणची मैत्रीण ४४ व्या वर्षी गेली, कॅन्सर. तेव्हा कळलं की मैत्रिणीला सुतक नसतं. चुलत सासऱ्यांचे चुलत कोणी गेले तर घरात देवाला फूल नाही, आणि हिच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी डबा भरून ८.१२ च्या लोकलला उभी. ऑफिसात सुट्टीचं कारण काय लिहायचं तेच कळेना, तब्येत बरी नाही लिहिलं. अजून तिच्या आईला फोन करताना आधी पाणी पिऊन घेते.

ईसीजीवाला

विषयांतर होतंय, पण हे लिहिल्याशिवाय जाववत नाही, मी हार्टच्या विभागात टेक्निशियन आहे. पित्त समजून घरी बसलेले चाळिशी-पन्नाशीचे लोक आम्ही फार बघतो. आपल्याकडच्या लोकांना पहिला अॅटॅक जगातल्या बाकीच्यांपेक्षा साधारण ५-६ वर्षं आधी येतो. आणि एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी जायचं नाही, सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी काही तासांनी परत करावी लागते. दम, घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं असं काही असेल तर सोडा-बिडा नको, १०८ लावा.

वारणाकाठ

बरोबर आहे साहेब, पण त्यांनी विचारलंय काय आणि आपण सांगतोय काय.

ईसीजीवाला

मान्य. सॉरी.

आजोळ_वाई

माझे बाबा गेले तेव्हा मी १९ ची होते, त्या मुलीएवढीच. त्यांचे झाडून सगळे मित्र येऊन देवमाणूस होता देवमाणूस होता म्हणून गेले, मला एकाचंही वाक्य आठवत नाही. एका काकांनी मात्र सांगितलं की तुझा बाप गणितात नापास झाला तेव्हा निकालाचा कागद गिळला होता, खरंच चावून गिळला. आणि पुढे म्हणाले की आमचं एका प्लॉटवरून वाजलं होतं, तीन वर्षं बोलत नव्हतो, चूक माझी होती. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिने त्यांना परत चहा टाकला. बाकी कोणाला एकाच्या वर मिळाला नव्हता.

मनवा, तुझं पटतं, पण तिने स्वतःहून विचारलंय ना, मग लपवलं तर तिला कळणारच. फक्त हाफपेडल, लिहून नका पाठवू. जाऊन सांगा. तेव्हा गेला नाहीत ना, आता जा.

हाफपेडल

सगळ्यांचे आभार, ईसीजीवाला तुमचे पण, माझी तपासणी गुरुवारी करून आलो.

काल तिला फोन केला. म्हटलं समोरासमोर सांगतो, रविवारी सकाळी येतो. ती बरं म्हणाली, मग म्हणाली थांबा काका, आणि दुकानातली वही घेऊन आली. तासाच्या सायकली बंद होऊन किती वर्षं झाली, हा तरी तसल्याच लांब वह्या वापरायचा. त्यात माझ्या नावाचं पान आहे, नाव म्हणजे शाळेतलं टोपणनाव, जे आता कोणीच घेत नाही. खाली दहा ओळी, तारीख आणि २०००, आणि शेवटच्या ओळीपुढे लाल पेनाने "फिटले". मला विचारते, काका पैसेच ना हे?

मी म्हटलं रविवारी बोलू.

दुकान ती आणि तिची आजी मिळून विकायला काढतायत, मागच्या खोलीत पुराच्या वेळचा गाळ अजून आहे म्हणाली, फळ्यांच्या मागे, कोणी काढलाच नाही. शनिवारी रात्रीची एसटी मिळाली आहे. फावडं तिथेच मिळेल.