शिबिर ठेवलं, पण बाया आल्याच नाहीत

सुनंदा, केज तालुका: आम्ही पाच जणी, सगळ्या बिनपगारी. जानेवारीत गावच्या शाळेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली. तिशीपुढच्या 200 जणींची यादी होती, आल्या 19. त्यातल्या सहा फलक वाचून दारातूनच माघारी. एक आजी म्हणाली, "तपासायला म्हणून नेतेत आन् पिशवी काढून पाठवतेत." तिच्या सुनेची सत्ताविसाव्या वर्षी काढलीय, मी काय बोलणार? दोघींना पांढरा डाग निघाला. एक बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात दाखवून आली, दुसरी ऊसतोडीला गेली, फोन उचलत नाही. पुढचं शिबिर कसं करू?

आशाताई: जानेवारीतच चुकलं. अर्धं गाव ऊसतोडीला फडात असतं तेव्हा. टोळ्या पाडव्याच्या सुमारास परततात, तेव्हा ठेवा. पाळी चालू असलेलीला परत बोलवावं लागतं, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी तारीख आधीच सांगा. तपासायला बाईच हवी. पडदा घरून न्या, शाळेच्या खिडक्यांचा भरवसा नाही. फलकावर 'महिला आरोग्य तपासणी' लिहा, बीपी-शुगरही बघा. आत आल्यावर मात्र काय तपासतोय ते स्पष्ट सांगायचं. लपवाल तर आजी खरी ठरेल.

बार्शीकर: आजीला सांगा, व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. कापाकापी नाही. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही, पण पुढची तपासणी टाळायची नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच काम दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी करवलं, तर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आपल्या उस्मानाबादच्या (आता धाराशिव) गावांत एचपीव्हीची (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) तपासणी एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये छापून आलंय ते.

ऊसतोड्याचा पोरगा: फोन न उचलणारीवर चिडू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. ती दवाखान्यात गेली की खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून (आगाऊ रकमेतून) कापतो. तिला तारीख देऊन उपयोग नाही, सोबत जा.

सुनंदा: हे डोक्यातच आलं नव्हतं. काल नवऱ्याला फोन लागला, तोही खाड्याचंच बोलला. पाडव्याला येतायत. दुसऱ्या दिवशी मीच तिला बार्शीला नेते, एसटीत आम्हाला अर्धंच तिकीट आहे. पडद्याला जुन्या साड्या जमल्या. शिबिराला येईल अशी शिकलेली नर्सबाई कुणाच्या ओळखीत आहे का?