टर्बो गाडीत पाण्याचा फवारा: आंबा घाटासाठी लावावा का?

घाटवेडा: माझी १.२ लिटर टर्बो पेट्रोल. मे महिन्यात चार माणसं, डिकीत हापूसच्या पेट्या, एसी चालू. साखरपा सोडून चढ लागला की गाडी दमते. टर्बोने दाबलेली हवा तापते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो, जोर जातो. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, पाणी फवारून ती थंड केली तर? एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलच्या सहापट. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस गाडीत यासाठी ५ लिटरची टाकी दिली होतीच.

मचूळपाणी: त्या गाड्या मोजक्याच बनल्या, रे बाबा, आणि ट्रॅकसाठी! १९६२ ची ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आठव. पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरायचं होतं, लोक विसरायचे. बाटली रिकामी झाली की बूस्टच (टर्बोचा हवेचा दाब) कमी व्हायचा. आपण वायपरचं पाणी तरी वेळेवर भरतो का?

घाटवेडा: भरेन की. विहीर दारात आहे.

मचूळपाणी: हेच ऐकायचं होतं! खाडीकाठची विहीर मार्चनंतर मचूळ होते. आमच्या बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, नखाने खरवडावा लागतो. तोच थर नोझलच्या बारीक भोकात बसेल. डिस्टिल्डच हवं.

जांभादगड: डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, तो मुद्दा सोडा. पण आपल्याकडच्या दमट हवेत पाणी उडणार किती?

घाटवेडा: बरंचसं पाणी सिलिंडरमध्ये, कॉम्प्रेशनच्या वेळी उडतं. तिथल्या तापमानाला बाहेरच्या दमटपणाचं काय?

जांभादगड: बरं, हे मान्य. पण रीमॅप (ईसीयूच्या सेटिंग बदलणं) न करता ईसीयू इग्निशन कंपनीच्या मर्यादेपुढे नेणार नाही. उन्हात गेलेलं तेवढं परत मिळेल, बस्स. आणि रीमॅप केलास नि ऐन चढावर पंप बंद पडला, तर पिस्टन जाईल. वॉरंटीही विसर.

घाटवेडा: प्रेशर सेन्सर लावून बूस्ट आपोआप कमी करता येतो.

मचूळपाणी: म्हणजे पंप, टाकी, नोझल, सेन्सर. आणि वर्षातून घाट किती वेळा? आधी बंपर काढून इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी, बघ. माझ्याच्या जाळीत हायवेच्या कामाची लाल माती थापली होती. हळू पाण्याने धुतली, चढावर फरक कळला.

घाटवेडा: रविवारी काढतो बंपर. पंप कार्टमध्ये आहे, अजून पैसे भरले नाहीत.