घरच्या इकेबानात आधी माप की आधी नजर?

शेवंती:
उथळ भांडं, त्यात तिरपी खोचलेली काडी, शेजारी एक जरबेरा आणि खाली 'माझं इकेबाना'. इकेबाना म्हणजे जपानी पद्धतीची पुष्परचना; तिचे असे फोटो हल्ली सारखे दिसतात. लोक घरी फुलं मांडायला लागलेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझं मत ठाम आहे: घरी एकट्याने शिकायचं तर सुरुवातीला मोजपट्टी घेऊनच बसावं.

इकेबानाच्या सोगेत्सु शाळेची, म्हणजे एका परंपरेची, पायाभूत उभी रचना घ्या. भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट मुख्य फांदी. तिला शिन म्हणतात. शिनच्या पाऊणपट दुसरी फांदी, ती सोए; सोएच्या पाऊणपट तिसरी, ती हिकाए. भांडं ३० सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल असेल तर शिन ५४, सोए साधारण ४०, हिकाए ३०. शिन उभ्या रेषेपासून १५ अंश कलते, सोए ४५, हिकाए ७५. आणि हा कल नुसता डावी-उजवीकडे नसतो, बघणाऱ्याच्या अंगावर येणारा असतो. फोटोवरून शिकणाऱ्यांचं नेमकं इथेच बिनसतं. फोटोत रचना सपाट दिसते, मग घरीही तशीच सपाट, भिंतीला चिकटवल्यासारखी होते. बाजूने उभं राहून पाहिलं की लगेच कळतं.

कर्दळ:
पूर्ण असहमत. ज्या कलेचा इतिहासच चौकटी ओलांडण्याचा आहे, तिच्या नावाने घरच्या माणसाच्या हातात कोनमापक का द्यायचा? क्योतोच्या रोक्काकुदो देवळातल्या पुजाऱ्यांपासून इकेनोबो ही सगळ्यांत जुनी शाळा सुरू झाली. तिथल्या सेंकेई या पुजाऱ्याच्या पुष्परचनेचा उल्लेख १४६२ सालचा आहे. तिथून पुढे रिक्का ही शैली आली, भव्य, देवळा-महालांत शोभणारी. मग चहा-समारंभाचा आचार्य सेन नो रिक्यू याने चहाच्या खोलीत एकच फूल ठेवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिनने पसरट भांड्यात मोरिबाना मांडली आणि युरोपातून आलेली फुलंही घेतली. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारांनी सोगेत्सु काढली. पुढे त्यांनी लोखंड आणि दगडही वापरले. कोणीही, कुठेही, कधीही, कशानेही करावं, हे सोगेत्सुचंच म्हणणं. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या ताटात ठेवलेल्या फांदीला अडवणारे आपण कोण?

दुसरं म्हणजे, या शाळांचं प्रमुखपद घराण्यात वारशाने चालतं, आणि पायरीपायरीने प्रमाणपत्रं घ्यावी लागतात, त्यांचे पैसे भरावे लागतात. मापांचा आग्रह आणि ही व्यवस्था एकमेकांना धरून आहेत असं मला वाटतं.

शेवंती:
कर्दळ, इतिहास बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र उलटा काढलात. सोफूंचे वडील इकेबानाचे शिक्षक होते आणि सोफू लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली शिकले. ओहारा उन्शिन इकेनोबोत तयार झाले. तुम्ही नावं घेतलेल्या या दोघांनीही नियम मोडण्याआधी ते हातात मुरवले होते. आणि १५, ४५, ७५ हे कोन 'कोणीही, कुठेही' म्हणणाऱ्या सोगेत्सुचेच आहेत! षड्ज लागल्याशिवाय कोणी ख्याल मांडत नाही.

प्रमाणपत्रांबद्दल माझा काहीच आग्रह नाही. माप फुकट आहे.

तोक्योकर:
इथे राहून शिकतो आहे, म्हणून दोन गोष्टी. रचना समोरूनच पाहायची ही सवय तोकोनोमामुळे आहे. तो भिंतीतला कोनाडा, तीन बाजूंनी बंद. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये तो बहुतेक नसतोच. फुलं जेवणाच्या टेबलावर किंवा चपलांच्या कपाटावर येतात. टेबलावर चार जण चार बाजूंनी बघणार, तिथे एकाच बाजूला झुकलेली रचना उरलेल्यांना पाठ दाखवते. म्हणून घरासाठी मापं जशीच्या तशी चालतील असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट शेवंतीताईंच्या बाजूची. वर्गात सेन्सेई, म्हणजे शिक्षक, फार बोलत नाहीत. येतात, एक फांदी काढतात, दोन बोटांइतकी कापतात, पुन्हा लावतात, आणि सगळी रचना जागेवर येते. मग तीच फुलं कागदात गुंडाळून घरी न्यायची आणि पुन्हा मांडायची, ही इथली रीत. माझ्या मते खरं शिक्षण त्या दुसऱ्या मांडणीत होतं, कारण भांडं वेगळं असतं आणि सांगायला कोणी नसतं.

रानफूल:
वादात मध्येच शिरतो, कारण दोघंही साहित्याबद्दल बोलत नाही आहात. घरी सुरुवात करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: फुलं खोचायचा तो हिरवा फोम आणू नका. ते प्लास्टिक आहे, कुजत नाही, भुगा होऊन पाण्यात जातं. केनझान, म्हणजे पितळी सुया असलेली जड चकती, एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते. ती नको असेल तर उंच भांड्यात नागेइरे करा. तोंडात आडवी काडी घट्ट बसवून तिच्या आधारावर फांदी टेकते. देठ पाण्यात बुडवूनच कापा. मिझुकिरी म्हणतात त्याला. हवा आत न शिरल्याने देठ पाणी ओढत राहतो. आपल्या उन्हाळ्यात पाणी रोज बदला आणि पाण्याखाली येणारी पानं आधीच काढून टाका.

आणि ट्युलिपच्या मागे लागू नका. कर्दळीचं पान, गवती चहाची पात, डाळिंबाची फांदी, शेवंती, सगळं दारात आहे.

कर्दळ:
रानफूल, जास्वंद का सोडलीत? एका दिवसात मिटते म्हणून? रिक्यूची गोष्ट सांगतात: त्याच्या बागेतल्या असागाओच्या, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या, फुलांची कीर्ती ऐकून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी आला, तर बागेत एकही फूल नाही, सगळी खुडून एकच चहाच्या खोलीत ठेवलेलं. तेही सकाळी उमलून मावळणारंच फूल.

शेवंतीताई, तुमचा मुद्दा मी अर्धा मानतो. हात मुरायला हवा, हे खरं. पण तो मोजून मुरतो हे मला पटत नाही. कोनमापक लावून केलेल्या दहा रचना सारख्याच दिसतील.

शेवंती:
अजिबात नाही दिसणार. माप तेच असलं तरी फांदी वेगळी असते. प्रत्येक फांदीला उन्हाकडची बाजू असते, पानं तिकडे वळलेली असतात. ती बाजू कोणती, कुठलं पान काढायचं, कुठलं ठेवायचं, हे कुठल्याच मापात नाही. लांबी आणि कोन आधीच ठरलेले असले की सगळं लक्ष तिथे देता येतं. नवखा माणूस सगळंच एकदम ठरवायला जातो आणि शेवटी भांडं भरून टाकतो.

तोक्योकर, टेबलाचं म्हणणं योग्य आहे, पण त्यासाठी माप सोडायची गरज नाही. सर्व बाजूंनी पाहायच्या रचनेचा पाठ सोगेत्सुतच वेगळा आहे, आणि फुलं पाण्यावर तरंगत ठेवायचाही. जेवणाच्या टेबलावर तरंगती रचना करून बघा, समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही.

तोक्योकर:
तरंगत्या रचनेत शिन कुठली आणि सोए कुठली? तिथे तर तुमची मोजपट्टी उपयोगाचीच नाही. म्हणजे नजर लागलीच ना?

शेवंती:
लागली. पण तो पाठ पुस्तकात मापाच्या पाठांनंतर येतो.