मदत हवी आहे: मैदान चिखलात, हातात एक रॉड, फुटबॉल संघाचा पावसाळी सराव कसा आखावा?

उजवी_बगल

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या क्लबासाठी बारा आठवड्यांचा आराखडा हवा आहे. खेळाडू २२, वयं १६ ते २४. पहिला सामना सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मैदान आताच चिखल झालंय, ऑगस्टच्या मध्याआधी तिथे धड पळता येणार नाही.

हाताशी आहे ते असं: पंचायतीचा हॉल, सोम-बुध-शुक्र संध्याकाळी ६ ते ७.१५. लांबी १८ मीटर, फरशी गुळगुळीत. २० किलोचा एक रॉड, ८० किलोच्या प्लेटा, स्टँड नाही. सहा लाकडी बाक. पुल-अपसाठी आडवा पाइप. रेतीच्या गोणी लागतील तेवढ्या भरता येतील.

आतापर्यंत सोम-शुक्र सर्किट चालायचं: बर्पी, उठाबशा, जोर, प्लँक, ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, चार फेऱ्या. बुधवारी सड्यापर्यंत (डोंगरमाथ्यावरचं पठार) जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर. दम चांगला येतो. पण दर हंगामात पहिल्या तीन-चार सामन्यांतच तिघा-चौघांची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरते आणि महिनाभर बाहेर. ताकद कमी पडते की स्ट्रेचिंग? आणि एका रॉडवर बावीस जण कसे बसवायचे?

लोखंडी

स्ट्रेचिंगचा प्रश्न दिसत नाही. तुमच्या वेळापत्रकात वेगच नाही. १८ मीटरच्या हॉलमध्ये माणूस वेग घेतो न घेतो तोच भिंत येते, आणि सड्याची धाव तर संथच. म्हणजे जून ते ऑगस्ट एकही खेळाडू आपल्या पूर्ण वेगाने धावत नाही, आणि मग एकदम सामन्यात बगलेवरून ४० मीटर सुटतो.

पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो तेव्हा, टाच जमिनीला लागण्याच्या जरा आधी, हॅमस्ट्रिंग ताणली जात असतानाच ब्रेक लावत असते. बहुतेक दुखापती त्याच क्षणी होतात. बर्पीत किंवा संथ धावण्यात हा ताण येतच नाही, त्यामुळे शंभर बर्पी काढणाराही तिथे कच्चाच राहतो. उपाय दोन आणि दोन्ही लागतील: ताणताना ताकद लावायचे व्यायाम, आणि आठवड्यातून एकदा तरी खरी स्प्रिंट.

आता रॉडचं. गट तीन करा, ७-७-८. गट मैत्रीवर पाडू नका, ताकदीवर पाडा, म्हणजे गटात एकच वजन चालतं आणि प्लेटा फक्त गट बदलताना बदलतात. सहा रेप्सचा (सलग सहा वेळा उचलायचा) सेट साधारण २५ सेकंदांत होतो, हातबदलाला १०. सात जणांची फेरी चार मिनिटांत, तीन फेऱ्या बारा-तेरा मिनिटांत. आपला नंबर परत येईपर्यंतची साडेतीन मिनिटं हीच विश्रांती, वेगळी द्यायला नको. तीन स्टेशनं (व्यायामाच्या जागा, गट फिरत राहतात) प्रत्येकी १४ मिनिटं, वॉर्मअप १५, सामान हलवायला थोडी. सव्वा तासात बसतं.

पहिलं स्टेशन रॉडचं: रोमानियन डेडलिफ्ट. गुडघे किंचित वाकवून तिथेच रोखायचे, कंबर मागे सारायची, रॉड मांडीला घासत गुडघ्याखाली चार बोटं जाईपर्यंत उतरवायचा, उतरायला तीन सेकंद. पाठ गोल व्हायला लागली की खोली तिथेच संपली. नवख्यांना ३० ते ४० किलो. सगळे रेप्स स्वच्छ होऊन अजून दोन निघतील असं वाटलं तरच पुढच्या आठवड्यात ५ किलो वाढवा.

स्टँड नसताना बॅक स्क्वॉटच्या (रॉड मानेमागे घेऊन उठाबशा) नादी लागू नका. दोघांनी रॉड उचलून तिसऱ्याच्या मानेवर ठेवायचा हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. उचलणारे दोघे एकाच वेळी सोडतीलच याची खात्री काय?

दुसरं स्टेशन: मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचं स्क्वॉट, छातीशी गोणी कवटाळून, दर पायाला सहा. मधल्या वेळेत पाइपवर पुल-अप, जमत नसतील तर उडी मारून वर जाऊन पाच सेकंदांत उतरायचं. गोण्या १५, २० आणि २५ किलोच्या करा, सोसायटीच्या काट्यावर तोलून. आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच, नाहीतर जुलैत रेती पाणी धरते आणि २० ची गोणी कधी २४ ची झाली ते कळत नाही. पाऊण भरा, गच्च भरलेली गोणी कवटाळता येत नाही. चिरे उचलायला देऊ नका, ओल्या चिऱ्याची कड सुटते आणि तो पायावर येतो.

तिसरं स्टेशन जोडीचं, नॉर्डिक (हॅमस्ट्रिंगसाठी) आणि कोपनहेगन (जांघेसाठी). त्यावर फिजिओ मंडळींनी लिहावं.

सेट-रेप्सचा ढोबळ हिशोब: पहिले तीन आठवडे ३ × ८ (तीन सेट, दर सेटला आठ रेप्स) हलक्या वजनात, चौथा ते सातवा ३ × ६, आठवा ते दहावा ४ × ४ जड, पुढे २ × ४. तिन्ही दिवस हे नको. सोम-शुक्र ताकद, बुधवार दमाचा.

फिजिओ_अंत्रुज

वरच्या निदानाशी सहमत. एक भर: हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे आधीची दुखापत. गेल्या हंगामात धरलेल्यांची यादी वेगळी काढा आणि पहिल्याच आठवड्यात चाचणी घ्या. पाठीवर झोपून एक टाच ६० सेंटीमीटर उंचीवर, गुडघा थोडा वाकलेला, दुसरा पाय हवेत, कंबर उचलायची-टेकवायची. (तुमचा बाक ४५ चा असेल तर वर काहीतरी पक्कं बसवा.) थकेपर्यंत मोजा. वीसच्या आत आलं तर कच्चं, तीसच्या वर गेलं तर छान. डाव्या-उजव्यात चार-पाचांहून जास्त फरक असेल तर कच्च्या पायाला रोज एक जादा सेट.

नॉर्डिक: गुडघ्यांखाली चौपदरी गोणपाट, जोडीदाराने पोटरी नव्हे, घोटा धरायचा आणि आपलं वजन त्यावर टाकायचं. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. दोन चुका हमखास होतात. एक, कंबरेत वाकून नमस्कार घालतात. त्यात हॅमस्ट्रिंगचं काम निम्मं होतं. दुसरी, थोडं झुकून धप्पकन पडतात. अशांच्या समोर रेतीच्या गोण्या रचा, गोण्यांपर्यंतच उतरू द्या आणि दर पंधरवड्याला एक गोणी काढा.

मात्रा सांभाळा. पहिल्या आठवड्यात फक्त एक दिवस, २ × ४. दुसऱ्या-तिसऱ्यात दोन दिवस, २ × ५. चौथ्यापासून ३ × ५. पहिल्याच दिवशी ३ × १० घातले की चार दिवस पोरांना जिना उतरवत नाही, मग ती पुढच्या वेळी येतच नाहीत. फिफाच्या ११+ या दुखापती टाळण्यासाठीच्या वॉर्मअपमध्येही नवख्यांना तीन ते पाचच रेप्स दिलेले आहेत. तो वॉर्मअप हॉलला धावण्याचा भाग थोडा आखडून जसाच्या तसा वापरता येतो. पूर्ण १५ व्यायाम, वीसेक मिनिटं.

कोपनहेगन जांघेसाठी: कुशीवर, वरचा पाय जोडीदाराच्या हातात किंवा बाकावर, खालचा पाय वर आणून मिळवायचा. सुरुवातीला गुडघ्याला आधार, दर बाजूला २ × ६. घोट्याला आधार चौथ्या आठवड्यानंतर.

आणि विषय थोडा सोडून, पण पावसाळ्यात सांगायलाच हवं: पायावर खरचटलेलं असताना शेताच्या किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी सराव नको. लेप्टोस्पायरोसिसमध्ये ताप आणि पोटऱ्यांत जोरदार दुखणं असतं. सरावाने पाय दुखतात म्हणून घरी झोपून राहतात आणि उपचाराचे पहिले दिवस हातचे जातात. ताप असला तर ते सरावाचं दुखणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर.

शिट्टी

बाकी ठीक, पण सड्याची धाव बंद करायला सांगाल तर ९० मिनिटं पळणार कोण? दम हाच पाया. आधी दम, मग बाकी सगळं.

लोखंडी

@शिट्टी, दम हवाच, बंद करा कोण म्हणतंय? पण तो सहा-सात किलोमीटर संथ धावून वाढवायला वेळ फार जातो. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असे चार वेळा. जोरात म्हणजे कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्के, एक वाक्य सलग बोलता येऊ नये इतपत. २००१ मध्ये छापून आलेल्या नॉर्वेच्या ज्युनिअर फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्याला दोनदा हेच दिलं होतं. त्यांचा दम तर वाढलाच, सामन्यात धावलेलं अंतरही वाढलं. सड्याच्या चढणीवर हे झकास होतं. वर जाताना जोर, खाली चालत किंवा हलकं. उतारावर जोरात पळू देऊ नका, मांड्यांचं पीठ होतं आणि शुक्रवारचा ताकदीचा दिवस वाया जातो.

मुसळधार पाऊस असेल त्या बुधवारी हॉलमध्ये १५ सेकंद पळणं, १५ सेकंद थांबणं, आठ मिनिटांचे दोन तुकडे. अंतर अंदाजाने नको. सपाट कोरड्या रस्त्यावर एकदा सहा मिनिटांची धाव घ्या. १५०० मीटर झाले तर वेग सेकंदाला ४.१७ मीटर. त्याच्या ११० टक्के म्हणजे १५ सेकंदांत ६९ मीटर, पण वळणांत वेग जातो, म्हणून हॉलमध्ये १६ मीटरच्या चार खेपा, ६४ मीटर. ओल्या तळव्यांनी त्या फरशीवर वळणं म्हणजे गुडघ्याला आमंत्रण. दाराशी कोरडं फडकं ठेवा, बूट पुसल्याशिवाय आत नाही.

सड्यावरून

स्प्रिंट कुठे करायची ते कुणी सांगितलं नाही. पेडण्याला किनारा जवळ आहे, ओहोटीला ओली, टणक वाळू मिळते. मात्र ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शनिवारी सकाळी सातची सोय लागली तर तशीच वेळ पुन्हा दोन आठवड्यांनी. भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बाराही शनिवार आधीच लिहून काढा. जुलैत मांद्रे-मोरजीला किनारा बराच उतरता होतो. अशा उतारावर एकाच दिशेने पळालं की समुद्राकडचा पाय सतत खाली राहतो. म्हणून एक धाव उत्तरेला केरीच्या दिशेने, पुढची उलट. लाटेपासून लांब, आणि सराव झाल्यावर पाण्यात उतरणं बंद, पोर कितीही पट्टीचा पोहणारा असो. भुसभुशीत वाळूत स्प्रिंट नको. दम लागतो, पण वेग येत नाही, आणि आपल्याला वेगच हवा आहे.

ओहोटी जुळत नसेल त्या आठवड्यात डांबरी चढण, २०-२५ मीटर, कडेचं शेवाळ टाळून. चढणीवर कमाल वेग गाठला जात नाही, त्यामुळे ती सुरुवातीला सुरक्षित, पण तेवढ्यावर भागत नाही.

पहिले दोन आठवडे चढणीवर ६ × २० मीटर. तिसरा-चौथा सपाटीवर ४ × ३०, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. पाचव्यापासून २० मीटर वेग घेत जायचं आणि पुढचे २० पूर्ण सोडायचे, असे चार, दहाव्यापर्यंत सहा-सात. दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती, म्हणजे चाळीसच्या धावेनंतर चार मिनिटं. पोरं उभी राहून कंटाळतात आणि प्रशिक्षकाला वाटतं वेळ वाया चाललाय. विश्रांती कापली की ती स्प्रिंट राहत नाही, पुन्हा दमाचाच सराव होतो. फोनवर वेळ घ्या. शेवटची धाव पहिलीपेक्षा पाच टक्क्यांनी मंदावली की त्या दिवसापुरतं थांबा.

उजवी_बगल

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. चवथ (गणेश चतुर्थी) पहिल्या सामन्याच्या साधारण दहा दिवस आधी येते, त्या आठवड्यात पाच-सहा दिवस कुणी फिरकत नाही. आणि त्याआधी श्रावण: निम्म्या पोरांच्या घरी महिनाभर नुस्तं (मासळी) बंद. नेमका जड वजनांचा महिना तोच.

फिजिओ_अंत्रुज

चवथीशी भांडू नका, तो आठवडा हलकाच धरा. आदल्या तीन आठवड्यांत भार चढवत न्या. मोजायचं असं: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाने दहापैकी किती जड गेला ते सांगायचं, त्याला मिनिटांनी गुणायचं. ७५ मिनिटं, ७ गुण, झाले ५२५. आठवड्याची बेरीज आदल्या आठवड्याहून फार तर दहा-पंधरा टक्क्यांनी वाढू द्या. चवथीच्या आठवड्यात ती निम्म्यावर आली तरी ताकद कुठे जात नाही. मात्र वेगात दहा दिवसांचा खंड पडू देऊ नका. आपापल्या वाड्यावर, आरतीच्या आधी, नीट वॉर्मअप करून तीन स्प्रिंट आणि नॉर्डिकचा एक सेट. वीस मिनिटांत होतं. पंचखाद्य आणि नेवऱ्यांवर बंदी घालायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही.

श्रावणाचं: किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर ६५ किलोच्या पोराला दिवसाला सुमारे १०४ ग्रॅम. एरवी दोन वेळच्या बांगड्यात यातला मोठा वाटा निघतो, तो भरून काढायला हवा. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम घेतले तर २५ ग्रॅमच्या आसपास, अर्धा लिटर दुधात १६ च्या आसपास, शिवाय दोन्ही जेवणांत मुगागाठी (मुगाची आमटी) किंवा अळसांद्याची (चवळीसारखं कडधान्य) भरलेली वाटी आणि दही. नुसत्या पेजेवर सरावाला येऊ देऊ नका, सोबत मूठभर शेंगदाणे तरी.

बंद हॉलमध्ये घामही फार जातो. आधी-नंतर वजन करा. ६५ किलोच्या खेळाडूचं १.३ किलो घटलं म्हणजे दोन टक्के. रात्रीपर्यंत दोनेक लिटर आत गेलं पाहिजे, नुसतं पाणी नव्हे, लिटरला पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल.

शिट्टी

बरं, मान्य. सामने सुरू झाल्यावर हे सगळं बंद का?

लोखंडी

बंद केलंत तर ऑक्टोबरात दुखापतींची परत तीच रांग. रविवारी सामना असेल तर मंगळवारी ताकद, दोन स्टेशनं, २ × ४, वजन तेवढंच. नॉर्डिक २ × ४ त्याच दिवशी, सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत कधीच नाही. गुरुवारी मैदानावर वॉर्मअपनंतर लगेच, अंग ताजं असताना, ३ × ४० मीटर. बाकावर बसलेल्या पोरांचं काय ते विसरू नका. ज्याला सामन्यात वीस मिनिटांहून कमी मिळाली, त्याने शिट्टी वाजल्यावर तिथेच चार स्प्रिंट मारून घरी जायचं, नाहीतर महिन्याभराने तो बदली म्हणून उतरेल आणि पहिल्याच धावेत मांडी धरेल.