आठ दिवसांत फरक पडत नाही
गार-गरम लागलं की कळ येणाऱ्या दातांसाठी जी पेस्ट मिळते, तिच्याबद्दल कोणी म्हणतं, 'सेन्सिटिव्हची पेस्ट म्हणजे नुसती जाहिरात, आठ दिवस वापरली, काही फरक नाही', ते मत अर्धंच पटतं. पोटॅशियम नायट्रेट हे औषध असलेल्या अशा पेस्टला दिवसातून दोनदा घासूनही दोन ते चार आठवडे लागतात. ती दाताच्या आतल्या नसेची कळ हळूहळू बोथट करते. आठ दिवसांत सोडली तर पैसे पाण्यात. आणि घासून झाल्यावर खळखळून चूळ भरू नका, नुसतं थुंका, नाहीतर औषध बेसिनमध्येच जातं.

पण माझं दुखणं पेस्टने थांबणारं नव्हतंच. आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग. फेब्रुवारीत तोडणीच्या दिवसांत गोडी बघायला पहाटेपासून मणी तोंडात टाकत फिरायचं, मग घरी येऊन दात खसाखसा घासायचे. संध्याकाळी माठातलं पाणीसुद्धा सोसायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, 'द्राक्षं खाल्ल्यावर किती वेळाने ब्रश करता?' लगेच, म्हटलं. तिथेच घोडं पेंड खात होतं! द्राक्ष कितीही गोड लागलं तरी त्यात आम्ल असतंच. त्याने दाताचं वरचं आवरण तात्पुरतं मऊ पडतं, आणि त्यावर लगेच ब्रश फिरवला की ते झिजतं. आता साध्या पाण्याने चूळ भरतो, ब्रश तासाभराने, तोही मऊ. लिंबूपाणी, चिंच, कोल्ड्रिंक, सगळ्यांना हेच लागू. मात्र एकच दात ठणकत असेल आणि गार पाणी गिळल्यावरही कळ रेंगाळत असेल, तर पेस्टचे प्रयोग नकोत, कीड किंवा तडा असू शकतो, दाखवून या.