वाचनालयातील जुनी पुस्तके विकिस्रोतावर ठेवता येतील का?

प्रश्न (दापोली): आमच्या वाचनालयातील जुन्या पुस्तकांना पावसाळी दमट हवेने बुरशी धरली असून पाने उलटताच कडा तुटून हातात येतात, ती स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या ऑनलाइन ग्रंथालयावर) चढवल्यास प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग होईल का?

उत्तर (रत्नागिरी): १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजावीत. आपल्या पालगडचे साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ रोजी सर्वांना खुले झाले. कृपया हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका.

उत्तर (मालवण): अनुवादकाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो, त्याचेही निधनवर्ष तपासावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. निनावी पुस्तकांचे काय?

उत्तर (रत्नागिरी): लेखकाची ओळख उघड झालेली नसल्यास प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे.