वांगावर लाइटचं पॅकेज घ्यावं का? उन्हातलं काम तर सुटणार नाही (तासगाव)

नमस्कार. वय ४१, तासगावजवळच्या गावात राहते, दीड एकर द्राक्षबाग आहे. दोन्ही गालांवर तपकिरी वांग आहे आणि वरच्या ओठावरही, कुणी पेन्सिलीनं मिशी काढल्यासारखं. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा सुरू झालं, आता तो नववीत आहे. त्यातून खरड छाटणी झाली की मांडवावर पान राहत नाही, एप्रिलचं ऊन थेट डोक्यावर. नवऱ्याचा जुना शर्ट, स्कार्फ, टोपी सगळं घालून जाते. तरी स्कार्फ जिथं संपतो तिथपासून खाली रंग वेगळा आणि वर वेगळा.

सांगलीत एका ठिकाणी चौकशी केली. तिथल्या मुलीनं चेहरा नुसता बघितला आणि म्हणाली, आयपीएल करू (म्हणजे चेहऱ्यावर लाइटचे झटके), सहा सिटिंग, दर चार आठवड्यांनी. एकेक घेतलं तर साडेतीन हजार, सगळी एकदम घेतली तर अठरा हजार. (घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, अठरा हजाराचं तिकीट काढून मॅच बघायला जायचीस काय?) पाचशे रुपये नाव नोंदवायला देऊन आले.

आता अडचण सांगते. जावेच्या बहिणीनं दोन वर्षांपूर्वी असंच कुठंतरी करून घेतलं होतं. दुसऱ्या सिटिंगनंतर गालावर बिस्किटाच्या आकाराचे चौकोनी काळे डाग उठले, जायला सात-आठ महिने लागले. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, आमचं मशीन नवीन आहे. शिवाय आधी आणि नंतर महिनाभर उन्हात जायचं नाही म्हणे. सहा सिटिंग म्हणजे सहा महिने घरात बसू का? ऑक्टोबरला फळ छाटणी आहे. तुळशीच्या लग्नानंतर पुतण्याचं लग्न आहे, तोवर जरा बरं दिसावं एवढीच इच्छा.

हळद, दही, बटाट्याचा रस, मसुरीचं पीठ सगळं करून झालंय. हळदीच्या पेठेजवळ राहून हळद तरी किती लावायची. कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. जाहिराती नकोत.

मिरजमुक्काम:
ताई, मी त्वचारोगात एमडी करते आहे. चेहरा न बघता निदान करणार नाही, पण पैसे भरायच्या आधी हे वाचा.

आयपीएल म्हणजे लेसर नव्हे. लेसरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. आयपीएलमध्ये साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा पट्टा एका झटक्यात सोडतात, नको तो भाग फिल्टरनं अडवतात. तो प्रकाश मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, तापतं, डाग मोडतो. गोऱ्या कातडीवर उन्हानं आलेले सुटे ठिपके असतील तर हे छान चालतं, कारण डाग गडद आणि भोवतालची कातडी फिकी. आपल्याकडे भोवतालच्या कातडीतही मेलॅनिन भरपूर. दिव्याला डाग कुठला आणि तुमचा स्वतःचा रंग कुठला हे कळत नाही. जावेच्या बहिणीचे चौकोन म्हणजे बहुतेक त्या हँडपीसच्या (मशीनचा गालावर टेकवतात तो भाग) काचेचाच ठसा. मशीन नवं असून उपयोग नाही. ऊर्जा किती ठेवायची, फिल्टर कुठला, हे ठरवणारा माणूस लागतो. रापलेल्या कातडीवर तर धोका अजून वाढतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही सांगताय ते उन्हाच्या ठिपक्यांपेक्षा मेलास्मासारखं (वांगाचं डॉक्टरी नाव) वाटतं. गरोदरपणात सुरू होणं, गाल आणि वरचा ओठ, दोन्हीकडे सारखं. हे ऊन आणि हार्मोन दोन्हींवर चालतं. उष्णतेनंही भडकतं. त्यावर लाइट मारला तर काही जणींना आधी उजळतं आणि मग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतं. म्हणून त्यात पहिला उपाय ऊन अडवणं आणि लावायची औषधं हाच असतो. लाइट आणि लेसर फार पुढची गोष्ट, तीही जपून.

एक विचारते, रागावू नका. मेडिकलमधून विचारून आणलेली गोरं करणारी क्रीम लावलीय का कधी?

कवठेकर_बागायतदार:
वैनी, आमच्या घरात हेच चाललंय. बायकोला डॉक्टरांनी रंगाचा सनस्क्रीन दिला, कातडीच्या रंगाचा असतो तो. साधा पांढरा घामानं वाहून जायचा. पहाटे सहाला बागेत, दहाला घरी, परत चारनंतर. मजुरांची वेळ सांभाळून जमतंय कसंबसं. वांग गेलं नाही, पण वाढायचं थांबलंय.

मिरजमुक्काम:
बरोबर दिलाय. त्यातला आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतो, आणि आपल्या रंगाच्या कातडीत त्यानंही वांग वाढतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी परत. चिमूटभर नाही, दोन बोटं भरून.

धागाकर्ती:
लावलीय हो. दीड वर्ष. मेडिकलवाल्यानंच दिली होती, पंधरा दिवसांत चेहरा चकचकीत झाला म्हणून सोडवेना. आता बंद केली की आग होते, लाल होतं, चुलीपुढं तर उभं राहवत नाही. आत्ता ट्यूब बघितली, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलंय. सिटिंग विचारायला गेले तेव्हा हे कुणी विचारलंच नाही.

मिरजमुक्काम:
मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ती क्रीम डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे आठवडे लावायची असते, दीड वर्ष नाही. कातडी पातळ झाली असणार, त्यावर लाइट अजिबात नको. एकदम बंद करायची की हळूहळू, हे त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवून ठरवा.

धागाकर्ती:
गुरुवारी मिरजेला जाते, ट्यूब पिशवीत टाकून ठेवलीय. त्या पाचशे रुपयांचं विचारलं, परत मिळत नाहीत म्हणे. त्याऐवजी फेशियल करून घ्या म्हणाली. नको म्हटलं.